चामड्यावर ठसा कुणाचा?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात दिलेले भाषण)



आजचा विषय साधा आहे. जाकिटाच्या पाठीवर आणि बंडीच्या छातीवर लावायचा चामड्याचा पॅच कसा कोरायचा, कसा रंगवायचा. तुमच्यातल्या कुणाला पँथर हवाय, कुणाला निळं चक्र, कुणाला नुसतं 'जय भीम'. बाजारात छापील कापडी तुकडे ढिगानं मिळतात. पण तुम्ही म्हणालात, आम्हाला हातानं कोरलेला पाहिजे आणि तो आमच्याच हातानं. ठीक आहे, शिकवतो. सामान इथं मांडलेलंच आहे.

पण हत्यार उचलायच्या आधी एक हिशेब मिटवू. तुमच्यातल्याच एकानं मला सरळ विचारलंय: बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं जनावर ओढू नका. आज्यानं ते टाकलं, गावाचा मार खाल्ला. बाप शाळेत गेला. आणि आता नातवानं हौसेनं चामड्यात हात घालायचा? ही वाट पुढं जाते की मागं?

प्रश्न खरा आहे. त्याला 'कला आहे हो, कलेला जात नसते' असलं गुळचट उत्तर देणाऱ्यांतला मी नाही. या देशात चामड्याला जात आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

गावगाड्यात बघा. मेलेलं जनावर ओढायचं महारानं. कातडं कमवायचं ढोरानं. वहाण शिवायची, मोट शिवायची चांभारानं. एका कातड्याचे इतके हात, आणि प्रत्येक हाताला सांगून ठेवलेलं की खालच्या हाताला शिवू नको. कमावणाऱ्याला तर नावसुद्धा जनावराचंच दिलं: ढोर. ही कामाची वाटणी नव्हती, माणसांची होती. एकाच कातड्यावर पोट भरणाऱ्यांनी एकमेकांना भाकरी द्यायची नाही, पोरगी द्यायची नाही. आणि ज्यानं यातलं एकही काम केलं नाही, तो मात्र पायात वहाण घालून देवळाच्या पायरीपर्यंत ऐटीत जायचा. देवळात तरी चामडं नव्हतं का? मृदंगाची पुडी कशाची असते? ती आत वाजते, देवापुढं वाजते, तिचा विटाळ होत नाही. विटाळ होतो तो ती पुडी ज्यानं कमावली त्याचा! म्हणजे चामडं कधीच अपवित्र नव्हतं. अपवित्र ठरवला गेला तो माणूस. कारण त्याला अपवित्र ठरवल्याशिवाय त्याच्याकडून फुकटात काम घेता येत नव्हतं.

म्हणून मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. म्हणून १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनावर विधेयक आणलं. वतन म्हणजे काय? इनामाच्या नावानं गळ्यातलं दावं. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं, सांगितलं ते करायचं, मोबदल्यात हाडकी हाडवळा आणि शिळी भाकर. ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. बाबासाहेब ते बघायला नव्हते.

पण 'ते सगळं जुनं झालं' म्हणणाऱ्यांना मी उनाचं नाव सांगतो. ११ जुलै २०१६. गुजरातमधल्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून, अर्धनागडं करून गजांनी झोडपलं. स्वतःच त्याचं चित्रीकरण केलं आणि मिरवलं. मग गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं बंद केलं. सुरेंद्रनगरला मढी थेट कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची माता आहे ना, तुम्हीच उचला! महाडला जे सुरू झालं, त्याचीच ही पुढची ओळ.

तेव्हा उत्तर असं आहे, नीट ऐका. बाबासाहेबांनी आपल्याला वेठ सोडायला सांगितली. हुन्नर सोडायला सांगितला नाही. वेठ आणि हुन्नर यांत फरक कसा ओळखायचा? मी तीन गोष्टी तपासतो. दार, भाव आणि नाव.

दार म्हणजे, या कामात कुणालाही येता येतं का, आणि कुणालाही त्यातून बाहेर पडता येतं का? भाव म्हणजे, किंमत कोण ठरवतो, करणारा की घेणारा? नाव म्हणजे, झालेल्या वस्तूवर ठसा कुणाचा? तिन्ही आपल्या हातात असतील तर चामडं उचला, छाती पुढं काढून उचला. तिन्ही दुसऱ्याच्या हातात असतील तर ते काम सोन्याचं असलं तरी ती वेठच, तिच्यावर थुंका.

आता पॅचकडं येतो.

जाकिटावरचा, पँटीवरचा चामड्याचा तुकडा ही काय भानगड आहे? तुम्ही जीन्स घालता. कमरेवर मागं तुकडा असतो. अमेरिकेतल्या लिव्हाइस कंपनीनं १८८६ साली दोन घोड्यांचं चित्र असलेला चामड्याचा तुकडा पँटीवर लावायला सुरुवात केली. पँट घालणार मजूर, खाण खणणार मजूर, आणि त्याच्या पाठीमागं ठसा कंपनीचा. पुढं १९५० च्या दशकात चामडं महाग पडतं म्हणून तिथं चामड्यासारखा दिसणारा पुठ्ठा आला. ठसा मात्र कंपनीचाच राहिला. आजही आपण पैसे देऊन दुसऱ्याची जाहिरात ढुंगणावर मिरवतो.

त्याच देशातली दुसरी गोष्ट. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. काळं चामडी जाकीट, निळा शर्ट, काळी बेरे टोपी. पोलिसांच्या डोळ्याला डोळा देऊन रस्त्यावर उभे राहिले. पण तो पँथर त्यांनी आणला कुठून? अलाबामा राज्यातल्या लाउंड्स परगण्यातून. तिथल्या काळ्यांनी मतदानासाठी स्वतःचा पक्ष काढला, तेव्हा पक्षाला चिन्ह लागायचं, कारण पुष्कळांना वाचता येत नव्हतं. गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होता. यांनी काळा पँथर घेतला. चिन्ह म्हणजे हे. ज्याला अक्षरापासून लांब ठेवलं, त्यानं उचललेलं पहिलं अक्षर. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते याच आगीतून.

आणि एवढंच लक्षात ठेवू नका की त्यांनी जाकिटं घातली. १९६९ पासून त्यांनी वस्तीतल्या पोरांना शाळेच्या आधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. जाकिटामागं काम होतं. आपल्याकडं नुसती जाकिटं पुष्कळ झाली. पाठीवर पँथर आणि तोंडात साहेबाची हांजी, असलं ध्यान मला या शिबिरात नकोय.

आता हत्यारं घ्या.

पहिलं, चामडं ओळखा. दोन प्रकार आहेत. एक क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं. मऊ, स्वस्त, लवकर होतं. जाकीट, पर्स त्याचंच असतं. दुसरं झाडपाल्यात कमावलेलं. बाभळीची साल, हिरडा, चुना यांतून दिवसचे दिवस काढलेलं. कोल्हापूरकडं ढोर समाजाचे लोक कातड्याचीच पिशवी शिवून, टांगून, तिच्यात सालीचा अर्क भरून कमवायचे. कोरायला हे दुसरंच लागतं. क्रोमच्या चामड्यावर ठसा मारला तर ते रबरासारखं परत फुगतं, काही लक्षात ठेवत नाही. सालीत कमावलेलं चामडं घाव लक्षात ठेवतं. कडा कापून बघा. आत निळसर-करडं दिसलं तर बहुतेक क्रोम. आरपार बदामी असलं तर आपल्या कामाचं. कारखान्यांची कात्रणं किलोवर मिळतात, पण त्यात क्रोमच जास्त. तपासून घ्या, फसू नका. जाडी दीड ते दोन मिलिमीटर पुरे. चपलेच्या तळाचं जाड चामडं जाकिटावर लावाल तर पाठ लोंबेल.

दुसरं, ओल. स्पंजनं पाणी लावा, दोन्हीकडून, सारखं. लगेच कोरायला बसू नका. थांबा. चामडं आधी काळपट होईल, मग हळूहळू मूळ रंगावर यायला लागेल. गालाला लावून बघा. थंड लागलं पण हाताला पाणी लागलं नाही, की वेळ झाली. फार ओलं असताना ठसा मारला तर तो पसरतो. फार कोरडं असताना मारला तर उठतच नाही. या कामात निम्मी अक्कल थांबण्यात आहे.

तिसरं, रेघ. चित्र कागदावर काढा, चामड्यावर ठेवा, बोथट टोकानं दाबून उतरवा. मग फिरत्या मुठीची सुरी घ्या. तर्जनी वरच्या खोबणीत, बाकीच्या बोटांनी दांडी फिरवायची. जाडीच्या निम्म्यापर्यंतच कापायचं. आरपार गेलात तर पॅच वाकल्यावर तिथंच फाटेल. पँथरच्या पाठीची रेघ एका दमात ओढा. अडखळत ओढलेली रेघ मांजर करते.

चौथं, ठोकणं. तिरक्या तोंडाचा ठसा रेघेच्या बाहेरच्या अंगाला ठेवा आणि लाकडी हातोड्यानं ठोकत सरका. बाहेरची बाजू दबली की आतलं चित्र आपोआप वर आल्यासारखं दिसतं. लोखंडी हातोडा घेऊ नका, ठशाचं डोकं फुटतं. खाली दगडी लादी पाहिजे. मग भोवतीची जमीन बारीक ठिपक्यांच्या ठशानं दाबून टाका. हे लक्षात घ्या, पँथरला हातसुद्धा लावलेला नाही, तरी तो उठून दिसतो. आपण फक्त त्याला दाबणारी जमीन खाली बसवली.

पाचवं, रंग. इथं चुका फार होतात. रंगाच्या आधी चामडं पूर्ण वाळू द्या. निळा सगळ्यांना हवाय, आपला रंग आहे. पण या चामड्याची मूळ कांती पिवळट बदामी. तिच्यावर पातळ निळा ओतला की पिवळा आणि निळा मिळून तो हिरवट, मळकट निघतो. म्हणून चक्राच्या जागी आधी अ‍ॅक्रिलिक पांढऱ्याचे दोन पातळ हात, ते वाळल्यावर निळा. एकदम जाड थापू नका, वाकल्यावर तडकतो. पातळ हात द्या आणि मधे वाळू द्या. तपकिरी किंवा काळा स्पिरिटचा रंग असेल तर कापडाच्या बोळ्यानं गोल-गोल फिरवत लावा. वाळला की सुक्या फडक्यानं घासून जादा रंग काढा. नाही काढला तर पहिल्याच मोर्च्यात घामानं तो शर्टावर उतरेल.

काळ्यासाठी एक जुनी रीत सांगतो, ती मला फार आवडते. गंजके खिळे घ्या, तेलकट नकोत. काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये टाका. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू होतो. आठ-पंधरा दिवसांनी पाणी गाळून घ्या. हे पाणी काळं नसतं. पण सालीत कमावलेल्या चामड्यावर ते लावलं की बघता बघता चामडं आधी करडं, मग काळंकुट्ट होतं. कारण चामड्यात सालीचा कस मुरलेला असतो आणि लोखंड त्याला जाऊन भिडतं. हा वरून फासलेला रंग नाही, तो आतूनच काळा होतो. खरवडून निघत नाही, कपड्याला फारसा लागत नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा पुसून आंबटपणा मारा, वाळवा, आणि थोडं तेल द्या. नाहीतर चामडं कडक होऊन तडकतं. क्रोमच्या चामड्यावर मात्र ही रीत चालत नाही. त्यात सालीचा कसच नसतो.

सहावं, शिवण. पॅचच्या कडा मागच्या बाजूनं रापीनं तासून पातळ करा, म्हणजे जाकिटावर बसतील. कडेपासून चार-पाच मिलिमीटरवर रेघ आखा, सारख्या अंतरावर भोकं पाडा. मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. मशिनीच्या शिवणीला हे जमत नाही. आणि कापडी जाकिटावर लावणार असाल तर टिचबटणं लावून काढता येईल असा करा. धुण्यात भिजलं की चामड्याची वाट लागते.

झाला पॅच. आता भाव.

तुमच्यापैकी काही जण हे चांगलं करायला शिकाल आणि लोक मागायला येतील. आपलेच लोक येतील, 'जय भीम' म्हणतील आणि फुकट मागतील. देऊ नका. चामडं, रंग, दोरा यांचा खर्च मांडा. किती तास बसलात ते मांडा आणि तासाची मजुरी लावा. शेवटी ठशांची, सुरीची झीज मांडा. मग किंमत सांगा आणि गप्प बसा. आपल्या आज्याला कधी किंमत सांगताच आली नाही. त्याला मिळायचं बलुतं, म्हणजे मालकाच्या मनाला येईल तेवढं. कातडं कमवायचं आणि पैसा कमवायचा, मराठीत शब्द एकच आहे. पण ज्यानं पहिलं केलं त्याला दुसरं कधी करू दिलं नाही.

आणि नाव. जून २०२५ मध्ये इटलीत मिलान शहरी प्राडा नावाच्या बड्या कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपला मॉडेलांच्या पायात घातल्या. कोल्हापूरचं नाव नाही, करणाऱ्यांचं नाव नाही. नुसत्या 'चामडी सँडल'. या चपलेला २०१९ सालीच महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. बोंबाबोंब झाली, तेव्हा कंपनीनं कबूल केलं की प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, आणि एकेका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. वर्तमानपत्रांनी पेढे वाटल्यासारख्या बातम्या दिल्या. मराठी अस्मिता जागी झाली! ज्या अस्मितेनं चांभारगल्लीचं पाणी कधी प्यायलं नाही, ती अस्मिता इटलीवर रागावली. मला विचाराल तर प्रश्न एकच आहे: त्या ८०० युरोंतलं आरी धरणाऱ्या हाताला किती? चपलेवरची वेणी गुंफणाऱ्या, गोंडे लावणाऱ्या बाईला किती? तिचं नाव तर गल्लीतल्या दुकानदारानंही कधी लिहिलं नव्हतं. कोल्हापूर हे नाव गावाचं. हातांचं नाव अजून यायचंय.

म्हणून तुम्ही पॅच कराल तेव्हा मागच्या बाजूला, जिथं तो जाकिटाला टेकतो, तिथं करणाराचं नाव, गाव आणि साल कोरा. जात कोरू नका. समोर चळवळीचा ठसा, मागं हाताचा.

शेवटी दार. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना आणली. १८ धंदे, त्यात चामड्याचं कामही. शिक्षण, अवजारं, तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज. कर्ज घ्या, आपल्या करातलंच आहे. पण तिच्यातली भाषा वाचा. गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेलं कौशल्य. म्हणजे बापाची आरी पोराच्या हातात, आणि वर शाबासकी! भावांनो, इथं सावध राहा. ज्या धंद्याला फक्त आत जायचं दार आहे आणि तेही फक्त आपल्याच पोरांना, तो धंदा नाही, ती जात आहे. तिला नवीन रंग दिलाय एवढंच. आपल्या पोरीनं हे शिकावं, आवडलं तर करावं, नाही आवडलं तर वकील व्हावं. आणि बामणाच्या पोरानंही इथं येऊन कातडं तासावं, त्याला मी शिकवीन. ज्या दिवशी तो रापी धरेल आणि त्याच्या घरात त्याला आंघोळ करायला लावणार नाहीत, त्या दिवशी चामड्याची जात मेली असं मी म्हणेन. त्याआधी नाही.

आणि एक आपल्या घरातलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित कोण ते सांगितलं. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया. त्यात चांभार होता, ढोर होता, मांग होता. पण आपण त्यांच्या वस्तीत किती वेळा गेलो? ते आपल्या सभेला किती आले? गावगाड्यानं त्या एका कातड्यावर ओढलेल्या रेघा आपण अजून पुसल्या नाहीत. हे काम खरं शिकायचं असेल तर पुस्तकात नाही, त्या गल्लीत जा. ज्याच्या तीन पिढ्यांच्या बोटांत हे आहे त्याच्यापुढं बसा. फुकट शिकू नका, त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याच्या घरात जेवा, त्याला आपल्या घरात जेवायला बोलवा. त्या ताटाशिवाय तुमच्या पाठीवरचा पँथर म्हणजे नुसतं कोरलेलं कातडं.

बस्स. चामडं ओलं करून ठेवलंय, एव्हाना रंगावर आलं असेल. गालाला लावून बघा, आणि बसा कामाला.

जय भीम!